यिनहुआ : सोलापूरच्या नातवाचं चिनी नाव

थोडं मोठं लिहितोय. सवडीनं वाचा.

गेल्या महिन्यात आमच्या घरी बारसं झालं. दादाच्या, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या, नातवाचं. पत्रिकेवरून 'य' अक्षर आलेलं. पुतण्या मोबाईलवरच्या कुठल्याशा ॲपमध्ये 'य'वरून मुलांची नावं वाचून दाखवत होता. यश, योगेश, यशोधन, युवान. बायका नाकं मुरडत होत्या. शेजारी दोन यश, समोर एक युवान. तेवढ्यात त्याला गंमत सुचली. म्हणाला, "काका, तुमच्या त्या डॉ. कोटणीसांच्या मुलाचं नाव 'य'वरूनच होतं ना? यिनहुआ. तेच ठेवू या की. गावात दुसरा सापडायचा नाही."

सगळे हसले. त्यानं लगेच ॲपमध्ये ते नाव टाकलं. अर्थ आला, 'चांदीचं फूल'. वर लिहिलेलं, मुलींचं नाव. मग तर हशाच.

दादा मात्र हसला नाही. ताटावरून उठता उठता एवढंच म्हणाला, "चिन्यांचं नाव या घरात नको. गमतीतसुद्धा नको."

दादा फौजेत होता. सिक्कीमच्या थंडीत दोन हिवाळे काढलेला माणूस. गलवानच्या बातम्या आल्या तेव्हा तो दोन दिवस टीव्हीसमोरून हलला नव्हता. वीस जवान गेले होते. त्याचा राग मला समजतो, तो रिकामटेकड्या माणसाचा राग नाही. म्हणून मी तिथे काही बोललो नाही. कार्यात वाद नको. पण 'चिन्यांचं नाव' हे शब्द डोक्यातून जाईनात. कारण हे नाव जेवढं चिन्यांचं तेवढंच आपलं. आपलं म्हणजे अगदी सोलापूरचं.

डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस आपल्याला माहीत आहेत. निदान भैय्या चौकातून जाता-येता नाव वाचलेलं असतं. जन्म 10 ऑक्टोबर 1910, सोलापूर. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकलमध्ये शिकले. 1938 मध्ये जपाननं चीनवर केलेल्या आक्रमणाच्या काळात काँग्रेसनं पाच डॉक्टरांचं पथक तिकडे पाठवलं, त्यात हे होते. बाकीचे परतले, हे परतले नाहीत. 9 डिसेंबर 1942 ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिकडेच गेले. व्ही. शांताराम यांनी 1946 मध्ये सिनेमा काढला. इथवर बहुतेकांना ठाऊक असतं. त्यांना एक मुलगा होता, हे मात्र फार कुणाला आठवत नाही. आणि त्याचं नाव काय, त्या नावाचा अर्थ काय, हे तर मी आजवर ज्यांना ज्यांना विचारलं त्यांतल्या दोघातिघांनाच सांगता आलं.

तर आधी अर्थ.

ॲपनं सांगितलेला अर्थ चूक. आणि ती चूक कशी होते हे समजून घेण्यासारखं आहे, कारण हल्ली बरेच लोक 'हटके' नावासाठी जपानी, चिनी, अरबी याद्या चाळतात. चिनी नाव अक्षरांत असतं, उच्चारात नाही. एकाच उच्चाराची ढीगभर अक्षरं असतात, आणि त्यात सूर वेगळा. 'यिन' वर चढत्या सुरात म्हटलं तर चांदी होऊ शकतं. तेच झटक्यात खाली उतरवलं तर दुसरंच अक्षर. 'हुआ' सपाट सुरात म्हटलं तर फूल. तेच चढवत नेलं तर वैभव, झळाळी, आणि चीन. रोमन लिपीत हे सगळं सारखंच दिसतं. आपल्याकडे 'दिन' आणि 'दीन' यांतला फरक रोमनमध्ये पुसला जातो, तसंच, पण शंभरपट.

कोटणीसांच्या मुलाच्या नावातलं 'यिन' म्हणजे चांदी नव्हे. ते 'यिनदू'मधलं यिन. यिनदू म्हणजे भारत. आपल्या देशाला हे नाव चिनी भाषेत रुजवलं ते ह्युएनत्संगनं. सातव्या शतकात आलेला, पुलकेशीच्या काळात आपल्या महाराष्ट्रातही येऊन गेलेला तो भिक्षू. त्यानं लिहून ठेवलंय की या देशाला पूर्वी लोक वेगवेगळ्या नावांनी ओळखत, पण खरा उच्चार यिनदू, आणि त्याचा अर्थ चंद्र. म्हणजे आपला 'इंदू'. खरं तर मूळ सिंधूचं, पण त्या माणसाला आपल्यात चंद्र दिसला. त्या अक्षराचा स्वतःचा साधा अर्थ 'शिक्का, ठसा' असा आहे.

आणि 'हुआ' म्हणजे वैभव, आणि त्यावरून चीन. आजच्या चीनच्या अधिकृत नावातही हे अक्षर आहे.

यिनहुआ. भारत-चीन. मुलाचं नाव दोन देशांचं मिळून.

यात एक बारीक गोष्ट आहे. आपण बोलताना 'भारत-चीन संबंध' म्हणतो. चिनी माणूस उलट म्हणतो, 'चीन-भारत'. जो तो आपल्याला पुढे ठेवतो. या नावात मात्र भारत आधी आहे. कानाला बरं लागावं म्हणून तसं केलं असेल. पण आहे खरं.

नाव ठेवलं कुणी? आपल्याकडे हा मान आत्याचा. कोटणीसांना बहिणी होत्या, पण त्या हजारो मैल दूर. मध्ये महायुद्ध. आत्याचं काम केलं एका सेनापतीनं. न्ये रोंगझेन हे त्या भागातल्या कम्युनिस्ट फौजेचे प्रमुख. कोटणीस तेव्हा उत्तर चीनच्या डोंगराळ भागात बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक होते. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून 1939 मध्ये जखमींवर उपचार करताना रक्तात विष भिनून गेले, त्यांच्या नावाचं हे रुग्णालय. नाव मोठं, पण जपानी फौजा आल्या की सगळा बाडबिस्तरा उचलून दुसऱ्या गावात जायचं. तिथेच क्वो छिंगलान या परिचारिकेशी 1941 च्या अखेरीस त्यांचं लग्न झालं. 23 ऑगस्ट 1942 ला मुलगा झाला. न्ये यांनी नाव सुचवलं, आईवडिलांनी ते घेतलं.

बापाचंही एक चिनी नाव होतं, के दिहुआ. 'के' हे कोटणीसमधल्या 'को'चं चिनी रूप, आणि तेच आडनाव. चीनमध्ये आडनाव आधी येतं, मग नाव. पाचही भारतीय डॉक्टरांना अशी नावं मिळाली होती. अटल, नागपूरचे चोळकर, कोटणीस, बासू, मुखर्जी, सगळ्यांच्या नावाच्या शेवटी 'हुआ'. आता गंमत बघा. जुन्या चिनी घरांत एका पिढीच्या भावंडांच्या नावात एक अक्षर सारखं ठेवायची पद्धत आहे. नाव ऐकलं की कळतं, हे सख्खे नाहीतर चुलत भाऊ. तेव्हा अलाहाबाद, नागपूर, सोलापूर, कलकत्ता असे कुठून कुठून जमलेले हे पाच जण चिनी कानाला एका घरातली भावंडं वाटली असणार.

बापाच्या नावातलं अक्षर मुलाला देणं चिनी लोक सहसा टाळतात. वडीलधाऱ्यांचं नाव मुलाला ठेवणं तिथे अनादर मानत आले आहेत. आपल्याकडे उलट. आजोबांचं नाव नातवाला दिलं की आजी खूश. शिवाय आपल्याकडे बापाचं नाव मधे येतंच. यिनहुआच्या बाबतीत 'हुआ' बापाकडून मुलाकडे आलं. चिनी रिवाजात न बसणारी, पण आपल्या रिवाजात चपखल बसणारी गोष्ट. तो सोलापुरात वाढला असता तर शाळेच्या हजेरीत नाव असतं, यिनहुआ द्वारकानाथ कोटणीस. मी हे नाव मोठ्यानं म्हणून पाहिलं. तुम्हीही म्हणून बघा. जीभ कुठेच अडखळत नाही.

जन्मानंतर साडेतीन महिन्यांनी बाप गेला. बरेच दिवस फिट्स येत होत्या, तरी काम थांबवलं नव्हतं. म्हणजे ते नाव हाक मारायला कोटणीसांना मिळाले मोजून 108 दिवस.

आता जरा चीनमधल्या नावांच्या रीतीविषयी, कारण त्याशिवाय या नावाचं वेगळेपण कळत नाही. आपल्यासारखंच तिथेही पत्रिका बघतात. बाळाच्या जन्मवेळेत लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी या पाच तत्त्वांपैकी एखादं कमी पडत असेल तर ते ज्यात आहे असं अक्षर नावात घालतात. पाणी कमी असेल तर पाण्याची खूण असलेलं अक्षर. मुलग्यांना साधारणपणे बळ, डोंगर, शौर्य, विद्या अशा अर्थाची नावं. हे झालं घरगुती.

पण विसाव्या शतकात तिथे राजकारण थेट पाळण्यापर्यंत पोचलं. 1949 मध्ये नवं राज्य आलं आणि गावोगाव 'जियानगुओ' जन्माला आले. अर्थ, देश उभारणारा. 1950 मध्ये चीन कोरियाच्या युद्धात उतरला, तर मुलांचं नाव 'युआनचाओ', म्हणजे कोरियाला मदत. 1958 च्या 'मोठ्या झेपे'च्या काळात 'युएजिन', म्हणजे झेप. सांस्कृतिक क्रांतीत 'वेइदोंग', माओचा रक्षक. माणसाचं नाव ऐकून जन्मसाल सांगता यावं अशी परिस्थिती. आज एखाद्या तरुण चिनी जोडप्याला बाळाचं नाव जियानगुओ ठेवा म्हटलं तर ते हसतील. ते आता आजोबांचं नाव झालं.

काहींनी मोठेपणी त्यातून वाटही काढली. चीनचे माजी उपराष्ट्रपती ली युआनचाओ यांचा जन्म 1950 चा, नाव अर्थातच 'कोरियाला मदत'. पुढे त्यांनी उच्चार तोच ठेवून अक्षरं बदलली. आता त्या नावात झरा आणि भरती आहे, कोरिया नाही. सरकारी घोषणा आयुष्यभर अंगावर वागवणं सगळ्यांनाच सोसतं असं नाही.

मग यिनहुआ हे तसलंच एक घोषणेचं नाव होतं का? दादानं मला नंतर हेच विचारलं. "अरे, तेही राजकारणच की. भाई-भाई म्हणाले आणि मग काय केलं ते माहितीये ना?"

मी त्याला एकच सांगितलं. साल बघ. 1942. भारत स्वतंत्र झाला 1947 ला. आजचं चिनी सरकार आलं 1949 ला. पंचशील 1954 चं, 'हिंदी-चिनी भाई-भाई' त्याच सुमाराचं. हे नाव ठेवलं तेव्हा यातलं काहीही नव्हतं. इकडे इंग्रजांचं राज्य, 'चले जाव'ला जेमतेम पंधरवडा झालेला. तिकडे जपानी बंदुका. मैत्रीचे करार करायला इकडे स्वतःचं सरकारच नव्हतं. होता फक्त एक डॉक्टर, जो खेड्यातल्या घरात कंदिलाच्या उजेडात लोकांच्या अंगातल्या गोळ्या काढत होता. घोषणा नंतर आल्या आणि गेल्या. नाव त्यांच्या आधीचं आहे.

पण हे नाव घेऊन त्या मुलाला जगावं लागलं, आणि इथे माझा घसा दाटतो. ऑक्टोबर 1962. यिनहुआ वीस वर्षांचा. त्याच्या नावातले दोन देश एकमेकांशी लढायला लागले. त्या दिवसांत त्याला वर्गात कुणी काय म्हटलं, त्याच्या आईनं त्याला काय सांगितलं, याची नोंद मी कुठे वाचलेली नाही आणि कल्पनेनं रंगवणार नाही. पण आपण प्रत्येकानं स्वतःला त्या जागी ठेवून बघावं. ज्याच्या नावातच 'विरुद्ध बाजू' आहे, त्याला हजेरी देताना काय वाटत असेल?

आणि आपल्या बाजूला काय चाललं होतं? त्याच महिन्यांत भारतातल्या चिनी वंशाच्या सुमारे 3000 लोकांना उचलून राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत ठेवलं. बहुतेक आसाम, बंगालकडचे. चामड्याचं काम करणारे, सुतार, हॉटेलवाले, त्यांची शाळेत जाणारी पोरं. कित्येकांचा जन्म इथलाच, चीन पाहिलेलाही नाही. चेहरा आणि नाव, एवढाच पुरावा. काही जण वर्षानुवर्षं तिथे राहिले. सुटल्यावर अनेकांनी देश सोडला. नाव बघून माणूस ठरवला की काय होतं, ते हे.

ज्यांनी यिनहुआ हे नाव सुचवलं, त्या न्ये रोंगझेन यांचंही पुढचं सांगतो, लपवून उपयोग नाही. ते पुढे चीनचे मार्शल झाले आणि चीनच्या अणुबॉम्ब कार्यक्रमाचे प्रमुख. ऑक्टोबर 1964 मध्ये चीननं पहिला बॉम्ब फोडला आणि दिल्लीची झोप उडाली. बाळाच्या नावात भारताला आधी बसवणारा माणूस आणि हा माणूस एकच. इतिहास असा असतो. त्यामुळे 'चीन चांगला की वाईट' असं विचारणाऱ्याला माझ्याकडे उत्तर नाही.

यिनहुआनं वैद्यकीय शिक्षण घेतलं, बापासारखंच डॉक्टर व्हायचं ठरवून. 1967 मध्ये, शिकत असतानाच, तो गेला. पंचविशीही गाठली नाही. क्वो छिंगलान मात्र दीर्घायुषी ठरल्या. त्या भारतात अनेकदा आल्या, सासरच्या माणसांना भेटल्या. 2012 मध्ये त्यांचं निधन झालं. तिकडचे नेते इकडे आले की कोटणीसांच्या बहिणींची भेट घेत. 2006 मध्ये हू जिंताओ मुंबईत भेटले, 2013 मध्ये ली केचियांग. म्हणजे बारशाला ज्यांना जाता आलं नाही त्या आत्यांना साठ-सत्तर वर्षांनी राष्ट्राध्यक्ष आणि पंतप्रधान भेटले. भाचा मात्र तेव्हा नव्हता.

हे सगळं मी दादाला बारशाच्या चौथ्या दिवशी ओसरीवर बसून सांगितलं. तो ऐकत होता. मधे एकदाच म्हणाला, "फौजेत आमचा डॉक्टर जखमीला आधी त्याची पलटण विचारत नव्हता." मग बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "पण राग आहे माझा. तो जाणार नाही." मी म्हटलं, "जाऊ नये. ज्यांची पोरं गेली त्यांच्यासाठी तो असावाच. फक्त तो कुणावर काढायचा एवढं बघ. साडेतीन महिन्यांच्या पोरावर नको."

बाळाचं नाव शेवटी यशवंत ठेवलं. आमच्या आजोबांचं. चिनी पद्धतीत चाललं नसतं, आमच्यात चाललं. छान आहे. यिनहुआ ठेवावं असा माझा हट्ट कधीच नव्हता. उसनं नाव घेऊन पोराला जन्मभर खुलासे करायला लावण्यात शहाणपण नाही. ज्या नावाचं अक्षर आपल्याला लिहिता येत नाही, सूर म्हणता येत नाही, ते ॲपमधून उचलून ठेवू नये, असंच मी कुणालाही सांगेन.

पण नाव ठेवणं वेगळं आणि लक्षात ठेवणं वेगळं. यिनहुआ हे नाव सोलापूरनं लक्षात ठेवावं एवढंच माझं म्हणणं. आपण कोटणीसांचं स्मरण करतो ते त्यागाची गोष्ट म्हणून, सिनेमासारखं. पुतळा, हार, भाषण. त्या गोष्टीत एक बायको होती, तिनं नंतर सत्तर वर्षं काढली. एक मुलगा होता, त्याच्या आयुष्याचं ओझं त्याच्या नावातच होतं. शाळेत डॉक्टरांवर धडा घेताना शिक्षकांनी एवढी दोन वाक्यं जास्तीची सांगितली तरी पोरांना कळेल की परराष्ट्र धोरण म्हणजे नुसते नकाशे आणि सैन्य नसतं. कुणाच्या तरी घरात त्याचं बारसं झालेलं असतं.

गेल्या रविवारी दादा आपणहून म्हणाला, "चल, भैय्या चौकात जाऊन येऊ." गुडघे धरलेत त्याचे, रिक्षा केली. नातवाला सूनबाईनं टोपडं घालून बरोबर दिलं. तिथे दादा बराच वेळ उभा होता. मग बाळाला जरा वर उचलून म्हणाला, "यशवंता, हे बघ, या डॉक्टरांच्या पोराचं नाव पण 'य'वरूनच होतं."

तुमच्या शाळेत, घरात कुणाला हे नाव माहीत होतं का? कमेंटमध्ये जरूर सांगा. आणि 9 डिसेंबरला भैय्या चौकातून जाणार असाल तर दोन मिनिटं थांबा.